ढगाचा सातबारा, राखणदाराची हद्द

कादंबरीकाराला ‘नवं काय लिहिलंय?’ असं विचारलं की बहुतेक वेळा तो मलपृष्ठावरचा मजकूर म्हणून दाखवतो. सामाजिक कादंबरीवाल्याचं त्यात फारसं बिघडत नाही. गाव, वाडा, भाऊबंदकी सगळं ऐकणाऱ्याच्या ओळखीचं असतं. विज्ञान कादंबरीवाल्याची मात्र पंचाईत होते. त्याला आधी एक अख्खं जग उभं करायचं असतं, मग त्यात माणसं सोडायची असतात, आणि एवढं होईस्तोवर समोरच्याने दोनदा घड्याळ पाहिलेलं असतं. अद्भुत कादंबरीवाल्याचे हाल त्याहून वाईट. त्याने तोंड उघडलं की कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे लहान मुलांसाठी का?’

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या श्रावणात अशा तीन लेखकांना एका व्यासपीठावर बोलतं करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी मुद्रितशोधन करते. पाठ्यपुस्तकं, पाककृती, चरित्रं, जे येईल ते. नाशिकच्या ज्या ग्रंथालयात मी जाते, तिथल्या कार्यकारिणीला 2025 च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेल्यानंतर काहीतरी करायचं होतं. शोकसभा घ्यावी असं काहींचं म्हणणं. 2021 साली साहित्य संमेलन नाशिकला भरलं, तेव्हा अध्यक्ष नारळीकर होते आणि प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नव्हतं. ती रुखरुख इथल्या लोकांच्या मनात अजून आहे. पण कार्यकारिणीतल्या एक बाई म्हणाल्या, ‘भाषणं पुष्कळ झाली. आत्ता जे लिहितायत त्यांना बोलवा, नव्या कादंबऱ्यांवर बोलू द्या.’ मग प्रश्न आला, मुलाखत कोण घेणार? प्राध्यापक नको, असं दोघांनी एकदम म्हटलं. योगायोगाने तिन्हीपैकी एका कादंबरीची प्रुफं मी तपासली होती. तेवढ्या भांडवलावर माझं नाव पुढे आलं.

कादंबऱ्या अशा होत्या.

पहिली एका निवृत्त दूरसंचार अभियंत्यांची. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे तिच्या परिसरातली. तिथे 30 अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. चौदा मधल्या भागात दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाजूंना शेताशिवारांतून लांबवर पसरलेल्या. पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्यांनी त्यांतली एखादी तरी लांबून पाहिलेली असते. कादंबरीत एका रात्री तिथे एक संकेत येतो. पाठवणारे साठ प्रकाशवर्षांवर. म्हणजे आपण आज उत्तर दिलं आणि त्यांनी लगेच पुन्हा बोलायचं ठरवलं, तरी त्यांचा शब्द कानावर यायला एकशेवीस वर्षं. अँटेनेशेजारी ज्याचा कांद्याचा वाफा आहे, त्या शेतकऱ्याच्या चार पिढ्या त्या दोन वाक्यांच्या मधल्या काळात जगतात.

दुसरी लातूरच्या एका शिक्षिकेची. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा त्या कॉलेजात होत्या. त्यांची कादंबरी शंभरेक वर्षांनंतरच्या मराठवाड्यात घडते. पावसावर मालकी आलेली आहे. ढगाचा सातबारा निघतो. नायिका तलाठ्यासारखी सरकारी नोकर आहे, पण तिच्या दप्तरात जमिनीऐवजी आभाळाच्या नोंदी असतात.

तिसरी कणकवलीकडच्या एका तरुणाची. दिवसा तो एका पतसंस्थेत काम करतो. त्याच्या कादंबरीत गावाचा राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव, खरोखरच आहे, आणि महामार्गाच्या रुंदीकरणात गावाची वेस हलल्यामुळे त्याची हद्द कुठवर, हा वाद उभा राहतो. ग्रामपंचायतीत, भूसंपादन कार्यालयात आणि शेवटी खुद्द राखणदाराच्या मनात. मला तिन्हींत सगळ्यात जास्त हसवलं ते या पुस्तकाने. आवृत्ती पाचशे प्रतींची आणि मुखपृष्ठ भयाण, हे दोन्ही त्याने पहिल्याच फोनवर स्वतः सांगून टाकलं.

पुस्तकं वाचून झाल्यावर मी तिघांना एकेक करून फोन केले. पाठ केलेली उत्तरं मिळाली. ‘मानव आणि विश्व यांच्यातलं नातं.’ ‘पाणीप्रश्नाचं भविष्यकालीन दर्शन.’ कणकवलीकर म्हणाला, ‘परंपरा आणि विकास यातला संघर्ष, असं मागे छापलंय बघा.’ हे असंच मंचावर झालं तर लोक दुसऱ्या प्रश्नाला चहाच्या टेबलाकडे सरकतील हे दिसत होतं.

मार्ग सापडला तो माझ्या कामाच्या वहीत. मुद्रितशोधन करताना प्रत्येक पुस्तकाची मी वेगळी वही करते. पात्रांची नावं, वयं, कुणाचे डोळे कुठल्या पानावर घारे आहेत, ‘पाहिजे’ लिहायचं की ‘हवं’, असं सगळं त्यात असतं. अभियंत्यांच्या कादंबरीची वही करताना नेहमीच्या यादीखाली मला आणखी एक यादी करावी लागली होती: या जगात काय चालत नाही. प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही. संकेत एकदा निसटला की परत मिळत नाही. दुर्बिणीजवळ वाहनाची ठिणगीसुद्धा गोंधळ घालते, त्यामुळे संकेत आला की तिथला माणूस आधी आजूबाजूच्या उपकरणांवर संशय घेतो, परग्रहावर नंतर. ही यादी नसती तर दोनशेव्या पानावर ‘दुसऱ्या दिवशी उत्तर आलं’ असं एखादं वाक्य सहज निसटलं असतं.

मग उरलेल्या दोन पुस्तकांसाठीही तशाच याद्या केल्या आणि पुन्हा फोन लावले. या वेळी एकच विचारलं, ‘तुमच्या कादंबरीत काय होऊच शकत नाही?’

लातूरच्या बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘ताई, ढग तयार करता येत नाही. एवढंच.’ आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास बोलत राहिल्या. कृत्रिम पाऊस म्हणजे विमानाने जाऊन आभाळातून पाणी काढणं, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात पाणी धरून असलेला ढग आधी लागतो. त्यात मिठाचे नाहीतर सिल्व्हर आयोडाइडचे कण फवारायचे, म्हणजे त्यांच्याभोवती थेंब किंवा बर्फाचे स्फटिक धरतात. कोरड्या आभाळात कितीही फवारा, काही हाती लागत नाही. ‘आमच्याकडं विमान आलं की पोरं गच्चीवर जायची. विमान दिसायचं, ढग नसायचा,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या कादंबरीतलं तंत्रज्ञान आजच्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेलं आहे, पण तेवढा एक नियम त्यांनी मोडलेला नाही. ढग बनत नाही, फक्त वळवता येतो. म्हणजे औशात पडलेला प्रत्येक थेंब कुठल्यातरी दुसऱ्या तालुक्याच्या वाट्याचा. सगळं कथानक, नायिकेचं मोडलेलं लग्नसुद्धा, या एका अटीतून निघालं होतं. मलपृष्ठावर त्यातलं अक्षर नव्हतं.

कणकवलीकराचं उत्तर तयार होतं. राखणदार वेशीबाहेर जाऊ शकत नाही. मनातलं ओळखू शकत नाही. रीतसर गाऱ्हाणं घातलं तरच ऐकतो आणि जेवढं म्हटलं तेवढंच करतो. कोकणात गाऱ्हाणं ऐकलेल्यांना यातली गंमत कळेल. मानकरी एकेक मागणं मोठ्याने मांडत जातो आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हा राखणदार त्या शब्दांना करारासारखा धरून बसतो. कुणी घाईत एखादं नाव गाळलं तर त्या घराची राखण होत नाही. शिवाय प्रत्येक मदतीची किंमत असते: गाव आपल्यातल्या एकेका घराचं नाव विसरत जातं. मी विचारलं, देव आहे तर त्याला एवढ्या अटी कशाला? तो म्हणाला, ‘ताई, देवाक सगळाच जमला तर कादंबरी कित्याक लिवची?’

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की अभियंत्यांची कादंबरी आणि याची कादंबरी दुकानात वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवत असतील, पण दोघांनी घरी बसून केलेलं काम सारखंच आहे. एकाला प्रकाशाचा वेग आडवा येतो, दुसऱ्याला गावाची वेस. पहिली अट निसर्गाने घातलेली आणि दुसरी लेखकाने, हा फरक आहेच. वाचताना मात्र दोन्हीकडे माणसं भिंतीला डोकं आपटतात आणि मग वाट शोधतात. कार्यक्रमाची आखणी मी तिथेच केली. ओळखी एकेका वाक्यात, कथानक कुणीही सांगायचं नाही, पहिला प्रश्न ‘काय चालत नाही’, त्यानंतर प्रत्येकाने त्या अटीमुळे नायक अडतो ते एक पान वाचायचं.

ही आखणी अभियंत्यांना पसंत नव्हती. कार्यक्रमाआधी आम्ही चौघे ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भेटलो, तर त्यांनी लॅपटॉपवर हायड्रोजनच्या रेषेपासून सुरू होणारं सादरीकरण आणलेलं. ‘मॅडम, लोकांना 1420 मेगाहर्ट्झ काय ते कळलं नाही तर संकेताचं महत्त्व कसं कळणार?’ त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. विश्वात सगळीकडे हायड्रोजन आहे, तो या वारंवारतेवर रेडिओ लहरी सोडतो, त्यामुळे ज्याला कुणाला अनोळखी शेजाऱ्याला हाक मारायची आहे तो हीच जागा निवडेल, हा तर्क सुंदरच आहे. पण त्यांच्या कादंबरीची पहिली ऐंशी पानं याच कारणाने जड झाली आहेत, असं माझं तेव्हाही मत होतं आणि मी ते प्रुफांच्या वेळी समासात लिहिलंही होतं. लातूरच्या बाईंनी मधला मार्ग काढला. ‘सर, तुम्ही पान वाचा. कुणी विचारलं तर मग सगळं सांगा. विचारतीलच.’ सर जरा नाराजीनेच तयार झाले.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता. गर्दी बरी होती. ज्येष्ठ नागरिक पुढे, मागच्या रांगांत अभियांत्रिकीची मुलं, आणि गणपती जवळ आल्यामुळे शेजारच्या मैदानात ढोलपथकाचा सराव. दर दहा-पंधरा मिनिटांनी आम्हाला थांबायला लागायचं. कणकवलीकर पहिल्या थांब्यालाच म्हणाला, ‘हे बघा, संकेत आला, पण आधी आजूबाजूचा गोंधळ तपासायला हवा.’ सर मनापासून हसले, आणि त्या क्षणापासून ते मोकळे झाले.

त्यांनी वाचलेलं पान मला छापील पुस्तकात तितकं भिडलं नव्हतं. उत्तर पाठवून झालेलं आहे. रात्रपाळीचा तंत्रज्ञ बाहेर येऊन शेतकऱ्याच्या बांधावर बसतो. शेतकरी विचारतो, ‘पोचलं का?’ तंत्रज्ञ म्हणतो, ‘पोचेल, तुमच्या नातवाच्या म्हातारपणी.’ शेतकरी थोडा विचार करून म्हणतो की मग आंब्याचं झाड लावल्यासारखंच झालं की हे. सभागृहातून दाद आली. सर वाचताना किंचित अडखळत होते, तेही बरं वाटलं.

मग मी विचारलं की तुमच्या शेतकऱ्याला हे आयुष्यभर दिसणार नसेल, तर वाचकाला पुढची तीनशे पानं कशाच्या जोरावर ओढून नेता? ते म्हणाले, हीच अडचण सोडवायला आपल्याला तीन खर्डे लागले. पहिल्या खर्ड्यात त्यांनी सोय केली होती: अंतराळातून आडवाट काढून संकेत लवकर पोचवला होता. चांगली धावती गोष्ट झाली होती. ‘पण मग मला माझ्याच शेतकऱ्याची गरज उरेना. तो पान चाळीसवर मेला तरी काही अडत नव्हतं. म्हणून आडवाट काढून टाकली.’

लातूरच्या बाईंनी सातबाऱ्याचं पान वाचलं. नोंदवहीत ढगाचं वर्णन कसं करायचं यावर वरिष्ठ आणि नायिका वाद घालतात तो भाग. कब्जेदार कोण, इतर हक्कात कुणाचं नाव, पिकाच्या रकान्यात काय भरायचं. नाशिक जिल्ह्यातल्या, द्राक्षाच्या बागा आणि धरणाच्या पाण्याची आवर्तनं यांवर आयुष्य काढलेल्या माणसांना हे समजावून सांगावं लागलं नाही. जायकवाडीला वरून पाणी सोडायचं की नाही यावर नाशिक आणि मराठवाडा यांचं जे भांडण जुनं आहे, ते सभागृहात आपोआप येऊन बसलं. एक बागायतदार उठून म्हणाले, ‘बाई, तुमच्या गोष्टीत शेवटी ढग कुणाला मिळतो ते आत्ताच सांगा, म्हणजे पुस्तक घ्यायचं का नाही ठरवतो.’ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘दादा, आधी पुस्तक घ्या. मग हरकत नोंदवा.’

प्रश्नोत्तरं सुरू झाली तशी जुनी ठिकाणं आलीच. ‘हे खरंच होईल का?’ दोनदा. ‘नारळीकरांसारखं सोपं का लिहीत नाही?’ एकदा. या दुसऱ्या प्रश्नावर सरांनी जे सांगितलं ते अर्ध्या लोकांना ठाऊक होतं, तरी पुन्हा ऐकायला आवडलं. 1974 साली नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हाताने उतरवून काढली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून त्यांच्या विज्ञानकथांचं कौतुक केलं. ‘त्यांनी नाव लपवलं, कारण कथा कथा म्हणून उभी राहते का हे पाहायचं होतं. आम्हीही तेवढंच मागतो. कथा म्हणून वाचा, भाकीत म्हणून नको,’ सर म्हणाले. हायड्रोजनचं सादरीकरण मागणारे विद्यार्थीही निघालेच, आणि त्यांच्यासाठी लॅपटॉप शेवटी उघडला गेला.

खरा खडाजंगीचा प्रश्न कणकवलीकराला आला. एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला, त्यासाठी माणसांनी जीव गमावले, आणि तुम्ही सुशिक्षित तरुण राखणदाराला नायक करता. हे वाचून लोक कोंबडं द्यायला जातील त्याची जबाबदारी कुणाची? सभागृह गंभीर झालं. मराठीत विज्ञानकथेला मान मिळतो तो पुष्कळदा विज्ञानप्रसार करते म्हणून, आणि अद्भुतकथेकडे हा परवाना नसतो. तो प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

‘गुरुजी, कोंबडं ते माझ्या पुस्तकाआधीपासून देतायत,’ तो म्हणाला. ‘माझं पुस्तक खपून कोंबडी वाढली तर मला रॉयल्टी तरी मिळेल.’ हशा झाला, पण गुरुजी बसले नाहीत. मग तो हसणं सोडून बोलला. त्याच्या कादंबरीत राखणदाराकडून काम करून घेणारं प्रत्येक घर काहीतरी गमावतं. फुकटात कुणाचंच भलं होत नाही. आणि जी एकमेव बाई रस्त्याचं भूसंपादन थांबवते, ती गाऱ्हाणं न घालता जुने नकाशे काढून, माहितीचा अर्ज करून थांबवते. ‘राखणदाराला ते आवडतं. त्याला कामावरून सुट्टी मिळते.’ गुरुजी म्हणाले, ‘पुस्तक वाचून पत्र लिहीन.’ त्यांनी विकत घेतलेलं मी पाहिलं. पत्राचं पुढे काय झालं ते कणकवलीकराने सांगितलेलं नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात किचकट काम त्यानंतरचं होतं. एका दिवाळी अंकाने शब्दांकन मागितलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये ढोल इतका भरला होता की काही वाक्यं मी आठवणीने आणि ओठांच्या हालचालीवरून, म्हणजे एका श्रोत्याने मागून काढलेल्या व्हिडिओवरून, जुळवली. बोललेलं जसंच्या तसं उतरवलं तर वाचवत नाही, आणि फार घासलं तर तिघेही एकाच माणसासारखे बोलू लागतात. मसुदे तिघांना पाठवले. सरांनी स्वतःच्या उत्तरांना तळटीपा जोडल्या, त्या मी काढल्या, त्यांनी निम्म्या परत घातल्या. कणकवलीकराने आपली सगळी उत्तरं मालवणीत करून पाठवली. संपादकांनी कपाळाला हात लावला. शेवटी वाचलेलं पान आणि दोन-तीन उत्तरं मालवणीत, बाकीची प्रमाण भाषेत अशी तडजोड झाली. अंकाला शीर्षकात ‘उद्याचं साहित्य’ हवं होतं. ते मी होऊ दिलं नाही.

लातूरच्या बाईंचा मसुदा मात्र आठवडाभर आलाच नाही. मग एका रात्री त्यांचा फोन आला. मंचावर त्यांनी भर सभेत सांगितलं होतं की त्यांच्या जगात ढग तयार होत नाही. ते उत्तर कागदावर वाचताना त्यांना आपल्याच कादंबरीतलं एक पान खटकलं. शेवटाकडे एक पाऊस पडतो. नायिकेच्या वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी, अचानक. तो कुणाच्या वाट्याचा होता याची नोंद पुस्तकात कुठेच नाही. ‘ताई, तो मी फुकट पाडला,’ त्या म्हणाल्या. ‘वाचताना कुणी विचारलं नाही, तुम्हीपण नाही.’

मी त्यांच्या पुस्तकाची वही काढून पाहिली. पाऊस होता, तालुका नव्हता. दुसरी आवृत्ती निघाली तर काय करायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो. पाऊस काढून टाकावा असं माझं मत होतं. त्यांनी मुरूडच्या बाजूचा एक तालुका ठरवला, तिथल्या एका शेतकऱ्याची हरकत लिहायला घेतली, आणि त्या हरकतीला नायिका काय उत्तर देईल ते अजून जमत नाही म्हणून मुलाखतीतलं ते वाक्य तसंच ठेवून मसुदा पाठवून दिला.